पंप उतरताना बघणारी

सकाळपासून त्या घरात लगबग होती. परसात नव्या बोअरवर लोखंडी तिपायी घोडी उभी केली होती आणि पंपवाला मिस्त्री पाइपाला पाइप जोडत सबमर्सिबल पंप चेनने खाली सोडत होता. पाणी फार खोल लागलं होतं. जुनी विहीर आटल्यापासून टँकरच्या बादल्या ओढून घरच्या सुनेचे तळहात सोलवटून निघाले होते.

सगळे परसात होते, फक्त ती सून नव्हती. नवरा गेल्यापासून घरात काही नवं सुरू व्हायचं असलं की सासू तिला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घाली. हिची नजर पडली की चांगल्याचं वाटोळं होतं म्हणे! काय म्हणावं या माणसांना? तिने भरलेलं पाणी पिताना कुणाला तिची नजर आडवी येत नव्हती.

मिस्त्री भराभर हात उरकत होता, कारण पुढचं काम खोळंबलं होतं. पंप निसटला तर धरून ठेवायला बांधतात तो दोर गाडीतच राहिला होता. "एवढ्यानं काय होतंय," म्हणत त्याने काम तसंच रेटलं. एका जोडाचे आटेही पुरते आवळले नाहीत.

नेमका तोच जोड सुटला. हिसड्याने केबल तुटली, पंप सरसरत गेला आणि खोलवरून धप्प आवाज आला.

सासू गर्रकन वळली. मागच्या खोलीच्या खिडकीत सून उभी होती, कडेवर तिची लेक.

"डोकावलीसच शेवटी! अगं, माझ्या लेकाला खाल्लंस, आता पाण्यावर उठलीस का?"

सासऱ्यांनीही तिचीच री ओढली. "आजच हिच्या भावाला बोलावतो. घेऊन जाऊ दे हिला. नात आमची आहे, ती इथंच राहील."

मिस्त्री पुढे झाला. तो गप्प राहिला असता तर सहज सुटला असता. "काका, थांबा. चूक माझी आहे. दोर बांधला नाही, जोड आवळला नाही. ताईंचा काय संबंध? पंप मी भरून देतो."

"तू एवढा कसलेला मिस्त्री," सासू म्हणाली, "हिने बघितलं नसतं तर तुझ्या हातून चूक झालीच नसती."

म्हणजे मिस्त्रीची चूकही हिच्याच नजरेची, कपाळ!

तेवढ्यात खिडकीतून सून बोलली. "दादा, माझ्यासाठी कशाला स्वतःच्या पोटावर पाय मारून घेता? मीच बघितलं. ही पोर रडत होती, म्हणून तिला चेन दाखवत होते. आई, चुकले मी. खिडकीला फळ्या ठोका, पण हिला माझ्यापासून तोडू नका हो."

तिला ते मनापासून खरं वाटत होतं.  मिस्त्रीने पाना टाकला आणि जाऊन मागच्या खोलीची कडी काढली.

"ताई, बाहेर या. काका, पडलेला पंप मी काढतो, पण या माझ्या शेजारी उभ्या राहतील तरच. नाहीतर या बोअरला मी हात लावणार नाही."

सासऱ्यांनी बोअरकडे पाहिलं, रिकाम्या पिंपाकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि सुनेच्या भावाला लावला, "बहिणीला न्यायला ये."

दार सताड उघडं होतं, तरी सुनेचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

वाचकहो, त्या घराला नावं ठेवणं सोपं आहे. तुमच्या घरी पुढच्या खेपेला काही नवं सुरू होईल तेव्हा मागच्या खोलीत कोण बसलंय ते आधी बघा. नुसती कडी काढून थांबू नका. ती आपणहून यायची नाही, तिला हाताला धरून आणावं लागेल.