सहा नंबरचा गुडघा

सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रणितच्या ग्राफमधली रेघ खालून वर चढत होती, आमच्या मीरा रोडच्या फ्लायओव्हरसारखी. फरक एवढाच की हिला पलीकडे उतार नव्हता.

"हाडांच्या सॉफ्टवेअरचं मार्केट दरवर्षी वाढतंय," तो म्हणाला. "आणि सगळ्यात जास्त वाढ कुठे? छोट्या हॉस्पिटलांत. म्हणजे तुमच्याकडे!"

जमलेल्या पाहुण्यांच्या टाळ्या पडल्या. पहिली टाळी रीमा मॅडमची. पूनम सागरमधल्या आमच्या तीस खाटांच्या हॉस्पिटलला एरवी कुणी छोटं म्हटलं, तर आमच्या या व्यवस्थापिका दोन दिवस कुणाशी नीट बोलत नाहीत. ग्राफमध्ये बसवून छोटं म्हटलं की चालतं.

मी शेवटच्या खुर्चीत, मांडीवर उद्याच्या ऑपरेशनची ऑर्डर घेऊन बसले होते. इथलं स्टोअर मी अकरा वर्षं सांभाळतेय. गुडघा बदलला की आत बसवलेल्या इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर माझ्या रजिस्टरात चिकटतं. शेजारी नाव, गाव आणि नंबर. गुडघ्यांनाही चपलांसारखे नंबर असतात, एक ते आठ. आत्तापर्यंत कंपनीचा माणूस आठही नंबरांचे ट्रे घेऊन यायचा, आणि डॉक्टर प्रत्यक्ष हाडावर लावून बघून त्यातला एक निवडायचे. आता म्हणे त्याची गरज नाही. सॉफ्टवेअर एक्स-रे बघून आदल्या दिवशीच नंबर सांगणार आणि दोनच ट्रे येणार. ट्रे कमी, धुलाई कमी, वेळ कमी. ही नवी पद्धत उद्यापासून, आणि पहिली पेशंट उत्तनच्या कोळीवाड्यातली कमळाबाई.

ऑर्डरवर लिहिलं होतं: उजवा गुडघा, नंबर सहा. अडीनडीला पाच.

कमळाबाईला मी सकाळीच पाहिलं होतं. आमच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरपेक्षा चार बोटं उंच. आणि सहा नंबर? अकरा वर्षांत माझ्या रजिस्टरात सहा नंबर चार वेळा आलाय. चारही बाप्ये, त्यातला एक तर दारातून वाकून आत आला होता. उत्तनच्या बायकांची पानं उघडा: दोन, तीन, दोन, दोन, तीन.

मी हात वर केला. "उद्याचा सहा नंबर चुकलाय."

"ताई," प्रणित गोड हसला, "मशीन झूठ नहीं बोलता."

"पण मशीनला कुणी काय सांगितलं, ते बघितलं का? माझ्या रजिस्टरात..."

"रजिस्टर म्हणजे मागचं. आपण पुढचं बोलतोय."

"गुडघा मागचाच आहे, भाऊ. बासष्ट वर्षांचा."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. रीमा मॅडम हसल्या नाहीत. "स्वप्नाली, नंतर."

नंतर म्हणजे कधी? बाईला भूल दिल्यावर? गुडघा उघडल्यावर दोनच ट्रे समोर, आणि दोन्हींतलं लोखंड तिच्या हाडाबाहेर येतंय, तेव्हा? माझं डोकं तिथेच तापलं. मी उठले आणि वॉर्डात गेले.

कमळाबाई पलंगावर पाय लांब करून बसली होती. शेजारी स्टीलचा डबा. मी सरळ तिच्या गुडघ्यावर हाताची वीत ठेवली.

"काय मापतेस गो? ब्लाउज शिवतेस काय?"

"मावशी, ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का?"

तिचं हसू गेलं. "न्हाय चालनार. आता दर्याला बंदी हाय म्हनून माना सवड हाय. नारली पुनव झाली का होड्या जातील. मंग बोंबील कोन सुकवल? चालीस वरसं उकिडवी बसलेय. आता उठाया दोन मानसां लागतान." मग डोळे बारीक करून म्हणाली, "का ढकलायचा? त्या पोराचा रुपया चुकला काय?"

"कसला रुपया?"

"फोटो काढताना गुडघ्याला रुपया चिकटवला की त्यानं. मी बोल्ले, बरा हाय, डागतर आता वरना दक्षिना देतान! पन काढून घेतला मेल्यानं. आमच्या सुलूनं मागल्या महिन्यात तसाच घरा नेलता. गुडघा बरा झाला म्हनून देवीपुढं ठेवलाय."

मी एक्स-रेच्या खोलीत शिरले तेव्हा जितेंद्र वडापाव खात होता. मला बघून त्याने पाव ड्रॉवरमध्ये टाकला. चेहऱ्यावरूनच कळलं, पोटात पावाशिवाय आणखीही काहीतरी आहे.

"रुपया दाखव."

त्याने खिशातून काढला. त्याचं म्हणणं असं: फोटोत गुडघ्याशेजारी एक स्टीलचा गोळा ठेवायचा असतो, बरोबर पंचवीस मिलिमीटरचा. सॉफ्टवेअर त्या गोळ्यावरून हाडाचं माप काढतं. गोळा त्याच्याकडे नाही. मग त्याने घरातला जुना जाडजूड रुपया शोधला, पट्टीने मोजला, बरोबर पंचवीस भरला. त्यावर काम चाललं होतं. तो रुपया सुलूबाई घेऊन गेली.

"मग?"

"मग खिशातला लावला. रुपया तो रुपया ना, ताई."

मी टेबलावरची पट्टी उचलली. नवा रुपया वीस मिलिमीटर.

"अरे गाढवा, वाण्याकडे रुपया तो रुपया! इथे ती तुझी फूटपट्टी आहे! विसाला पंचवीस समजून मशीनने बाईचं हाड सव्वापट केलं!"

त्याने रुपया पुन्हा पट्टीला लावून बघितला. सुलूबाई गेल्यापासून महिनाभर चाचणीचे सगळे फोटो याच रुपयावर निघाले होते. सगळे ट्रे येत होते, डॉक्टर हाताने निवडत होते, म्हणून सॉफ्टवेअरच्या प्लॅनचा आकडा कुणी बघितलाच नव्हता.

"गोळा का मागितला नाहीस?"

"तीनदा मागितला. मॅडम म्हणाल्या, त्याला हात लावू नकोस."

"कुठे आहे तो?"

त्याने रिसेप्शनकडे बोट केलं.

तो मी रोज बघत होते! काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर, 'डिजिटल गुडघा केंद्र' लिहिलेल्या सर्टिफिकेटच्या पुढे, चकचकीत गोळा. मला वाटायचं बक्षीस आहे. रोज सकाळी त्याला फडकं मारलं जायचं.

मी पोचले तेव्हा प्रेझेंटेशन संपलं होतं. पाहुणे त्याच कपाटापुढे ढोकळा खात होते.

"मॅडम, कपाटाची किल्ली द्या."

"आत्ता? पाहुणे आहेत, स्वप्नाली."

"पाहुण्यांना गुडघे नाहीत का?"

मी मोठ्याने सगळं सांगितलं. रुपया, पट्टी, वीस, पंचवीस. एक शेठ ढोकळा तोंडाशी धरून तसाच राहिला. प्रणितने आधी बॅगेची चेन लावली आणि मग तोंड उघडलं.

"ये तो टेक्निशियन की गलती है. आमचं सॉफ्टवेअर करेक्ट आहे. आम्ही लेखी देऊ."

"जितेंद्रला सांग, उद्यापासून येऊ नकोस," रीमा मॅडम क्षणात म्हणाल्या. किल्ली द्यायला मात्र त्यांचा हात उठत नव्हता.

तेव्हा माझा आवाज चढला. रत्नागिरीच्या आमच्या वाडीत या आवाजाने वानरं पळवतात. "त्याला काढा! आणि मग गोळा मखमलीवर ठेवणाऱ्याला कोण काढणार? महिनाभर एकही प्लॅन न बघता हॉस्पिटलं मोजत फिरणाऱ्याला कोण काढणार? त्या पोराने निदान पट्टी तरी लावली होती. एकदा लावली, दुसऱ्यांदा विसरला. तुम्ही लोकांनी एकदाही नाही!"

डॉक्टर चहाचा कप घेऊन मागेच उभे होते. "कमळाबाईला सहा? मला कुणी दाखवलं नाही."

मी ऑर्डर त्यांच्यापुढे धरली. "खाली तुमचं नाव आहे, सर."

त्यांनी नाव वाचलं. "मोबाईलवर आलं होतं. मी ओके दाबलं." कप त्यांनी तिथेच कपाटावर ठेवला, सर्टिफिकेटच्या डोक्यावर. "रीमा, किल्ली दे. जितेंद्र, बाईंचा एक्स-रे परत. आणि प्रणित, उद्या सकाळी आठही ट्रे. कमी आले तर पुन्हा इथे यायचं नाही."

गोळा लावून फोटो निघाला. त्याच सॉफ्टवेअरने त्याच गुडघ्याचा नंबर सांगितला: दोन. मशीन झूठ नहीं बोलता, प्रणित म्हणाला होता ते खरंच निघालं. बाकी सगळे थोडं थोडं बोलले होते.

सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन नंबरच बसवला. दुपारी स्टिकर माझ्या रजिस्टरात आलं, उत्तनच्या पानावर, सुलूबाईच्या खाली.

तिसऱ्या दिवशी कमळाबाई वॉकर धरून कॉरिडॉरमध्ये फिरत होती. एक्स-रेच्या दारात थांबून तिने जितेंद्रला दम दिला, "सुलूला रुपया, माना काय न्हाय? दे हकडं." त्याने खिशातला काढून दिला. नोकरी वाचली होती; डॉक्टरांनी वाचवली, आणि थोडी माझ्या आवाजाने.

त्याच दिवशी प्रणितच्या कंपनीचा अहवाल आला. आमचं हॉस्पिटल त्यात होतं, रेघेच्या अगदी वरच्या टोकाला. 'मोजमापातील तफावत वेळीच ओळखली. अचूकता शंभर टक्के.' कुणी ओळखली, ते लिहिलं नव्हतं. वाचून मला पुन्हा वानरं आठवली.

संध्याकाळी रीमा मॅडम स्टोअरमध्ये आल्या. आवाज मऊ. "स्वप्नाली, शुक्रवारी नवे पाहुणे आहेत. कपाट रिकामं दिसतं गं. तो गोळा एका दिवसापुरता..."

मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

स्टीलचा गोळा, पंचवीस मिलिमीटर, एक नग. दिला: एक्स-रे विभाग, जितेंद्र. परत घेण्याची तारीख: नाही.

"कपाटात काहीतरी हवं ना पण," त्या म्हणाल्या.

"रुपया ठेवा," मी म्हटलं. "नवा."