पायडलला बांधलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. एका बाईच्या लग्नात तिच्यासोबत मी या घरी आले. कटकट करणं हा माझा स्वभावच! शाळेचे गणवेश, पडदे, चर्चमधल्या गायकांचे झगे, सगळं आम्ही दोघींनी शिवलं. आमचा टाका उसवेल, काय टाप होती!

बाईची मुलगी घरभर गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती माझ्याखाली बसून दोन्ही तळव्यांनी पायडल दाबायची.

"अगं, बोटं चेचतील!" आई ओरडायची.

"मग तू पाय बाजूला घे ना! मला जागा दे."

मग एका तापात भिंगरी गेली. तिचा पिवळा फ्रॉक माझ्यावर अर्धाच शिवून झाला होता. कापडात सुई रुतवून बाई कधीच उठत नसे. त्या दिवशी मात्र ती तशीच उठली आणि माझ्यावर झाकण आलं.

कबरस्तानातून परतल्यावर बाई म्हणाली, "देवाची मर्जी. आता रडायचं नाही. रडले, तर माझा विश्वास कमी पडला असं होईल." ती रोज प्रार्थना करायची. साऱ्या गल्लीतल्या आजाऱ्यांसाठी मागायची, पण भिंगरीचं नाव काही ओठांवर येऊ द्यायची नाही.

दुपारी घर सामसूम झालं की माझं पायडल आपोआप हलायचं. वारा म्हणा, उंदीर म्हणा. पण ते इवले तळवे मी ओळखते, मित्रांनो. बाई दारात थिजून उभी राहायची. एकदा तिने पायडल दोरीने करकचून बांधलं. ते दोरीखालीही थरथरत राहिलं. बाईचं जेवण तुटलं, झोप उडाली. ही आता हातची जाते की काय, अशी मला भीती वाटू लागली.

एके दिवशी तिची नणंद आली. "वहिनी, बाही उसवलीय. दोन टाके मारा हो," म्हणत तिने माझं झाकण उचललं.

"हात लावू नका!" बाई किंचाळली.

नणंदेने पिवळं कापड पाहिलं, दोरी पाहिली. तिने झाकण हलकेच बाजूला ठेवलं. "वहिनी, तुम्ही रडलात का कधी?"

"माझा विश्वास आहे देवावर."

"अहो, प्रभू स्वतः मित्राच्या कबरीपाशी रडला. तुम्ही त्याच्याहून मोठ्या विश्वासू लागून गेलात का?"

बाई माझ्यापाशी वाकली. मग तिने दोरी सोडली आणि हाताने चाक फिरवलं. गंजलेली सुई कुरकुरत वर आली. फ्रॉकवर तांबूस डाग राहिला होता. तो पाहिला मात्र, तिने माझ्यावर डोकं टेकून हंबरडा फोडला. "प्रभू, माझी भिंगरी का नेलीस रे? मला नाही सोसवत. तू बस माझ्याजवळ!" नणंद तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली.

मित्रांनो, माझ्यासारखीला नुसतं झाकून ठेवलं तर गंज आतून खातो. उघडा, पुसा, तेल घाला, कुरकुरली तर कुरकुरू द्या. घरातल्या माणसांनाही असंच सांभाळा.

पायडल अजूनही एखाद्या दुपारी आपोआप हलतं. बाई आता दारात थांबत नाही. ती येऊन माझ्यापाशी बसते, प्रभूचं नाव घेते, भिंगरीचं नाव घेते, आणि पाय थोडे बाजूला घेऊन जागा देते.