नळी अजून आली नाही

आर्डिसने टेबलावरच्या हिरव्या कापडावर पिस्तुलाचे तीन चाप मांडले आणि डेलमारचा उजवा हात ओढून पालथा ठेवला. शिंपी माप घेतो तसं तिने पेन्सिलीने त्याच्या तर्जनीची लांबी कागदावर उतरवून घेतली. डेलमारने हात तसाच पडू दिला. हल्ली कोणी बस म्हटलं की तो बसायचा, जेव म्हटलं की जेवायचा.

"बोट लांब आहे तुझं," ती म्हणाली. "पण नुसतं मापावर जाऊ नकोस. हातात घेऊन बघ."

त्याने मधला उचलला आणि ठेवून दिला. "हा चालेल."

"का?"

"मधला आहे म्हणून."

डेलमार हॉगेनची सगळी उमर गावच्या धान्याच्या कोठारावर गेली. तो निवृत्त झाला तेव्हा बरोबरच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला पिस्तुलाचा सांगाडा दिला. नुसता सांगाडा. चाप, नळी, मूठ, सगळं ज्याचं त्याने निवडायचं. अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या सपाट मुलखात हौशी माणूस आयुष्यात एकदा तरी असं पिस्तूल बांधून घेतो. विकतचं कोणाच्याही हाताचं असतं, हे आपल्या हाताचं. लव्हॉन, त्याची बायको, पोट धरून हसली होती. "लोक खेळ आवरतात त्या वयात हा खेळणी घेतोय," असं तिने साऱ्या आळीला सांगितलं आणि तो सांगाडा स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात टाकून दिला.

बर्फ वितळायच्या सुमाराला लव्हॉन गेली. सिंकपाशी भांडी घासत होती, हात पुसून खुर्चीवर बसली आणि उठलीच नाही.

दफन झाल्यावर चार दिवसांनी मेव्हणा रॉइस आपला ट्रक घेऊन आला. या हवेत बंदुका गंजतात, साफ करायला नेतो म्हणाला. डेलमारने कपाटाची किल्ली काढून दिली. ही तिकडची रीतच आहे. घरात असं काही घडलं की जवळचा माणूस येऊन साफ करायच्या निमित्ताने बंदुका उचलून नेतो, आणि सफाई किती महिने चालेल ते दोघांपैकी कोणी विचारत नाही. रॉइसने सगळं नेलं, अगदी आजोबांच्या काळातली मोडकी रायफलसुद्धा. चमच्यांचा खण मात्र त्याने उघडला नाही. कायद्याच्या लेखी तो सांगाडा म्हणजेच बंदूक, बाकीचे भाग म्हणजे नुसतं लोखंड. पण चमच्यांतल्या त्या तुकड्याला कोण बंदूक म्हणणार?

एका सकाळी घरातले धुतलेले चमचे संपले. खणात हात घातला तर तो हाताला लागला. डेलमार तो घेऊन सरळ आर्डिसकडे आला.

त्याने काय ठरवलं होतं ते तो स्वतःशीही धड बोलला नव्हता. पिस्तूल पुरं झालं की आपलंही संपलं, एवढं मात्र त्याला माहीत होतं. त्या विचाराने त्याला दुःख होत नव्हतं. खरं तर काहीच होत नव्हतं.

आर्डिस टोलेफसन शाळेत त्याच्या दोन वर्ग मागे होती. तिच्या बंदुकांच्या दुकानावर अजून 'टोलेफसन बंधू' अशी पाटी होती, पण तिच्या दोन्ही भावांपैकी कोणी उरलं नव्हतं. थोरला म्हातारपणाने गेला. धाकटा ज्या तऱ्हेने गेला, त्याबद्दल गाव बोलत नसे. पहिल्या दिवशी तिने डेलमारला बरंच विचारलं. मुठीला लाकूड कुठलं, चाप हलका की जड. त्याने सगळ्याला चालेल, चालेल म्हटलं. शेवटी तिने नळीच्या टोकावर बसवायची, नेम धरायची खूण विचारली, पांढऱ्या ठिपक्याची की पितळी.

"कुठलीही चालेल," तो म्हणाला. "त्यावाचून काही अडत नाही."

तिची पेन्सिल थांबली. मग ती म्हणाली, नळी मागवावी लागेल, वेळ लागतो, शुक्रवारी ये.

तेव्हापासून तो दर शुक्रवारी येत होता आणि नळी येत नव्हती. कधी कारखान्याला सुट्टी, कधी भलतीच नळी पाठवलेली, कधी टपालवाल्यांचा घोळ. डेलमारने तक्रार केली नाही. आर्डिस त्याला एखादा तुकडा घासायला द्यायची, आपल्या डब्यातला अर्धा केक खायला लावायची आणि 'कोठारावर असाच काम करत होतास का रे, म्हणून धान्याला उंदीर' असं टोचायची. तो घासत बसायचा. घरी गेलं की स्वयंपाकघरात काचेची मोठी भांडी होतीच. लव्हॉन गेल्यावर गावाने त्यांतून बटाट्या-खिम्याचं जेवण आणून दिलं होतं. प्रत्येकाच्या बुडाला पांढरी पट्टी आणि पट्टीवर मालकिणीचं नाव. आतलं जेवावं आणि भांडं घासून परत करावं, एवढं साधं. पण सिंकपाशी उभं राहणं त्याला जमत नव्हतं.

आता हरणांच्या शिकारीचा मोसम लागला होता. सगळं गाव टेकड्यांत गेलेलं. रॉइसने बंदुका अजून आणून दिल्या नव्हत्या.

आर्डिसने तिन्ही चाप उचलून मधला बाजूला ठेवला, तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. जाता जाता ती म्हणाली, बारीक पॉलिशपेपर घे, खालच्या खणात आहे. डेलमारने चुकून वरचा खण ओढला.

आत गिऱ्हाइकांचे तबकासारखे पत्र्याचे ट्रे होते, प्रत्येकावर पांढरी पट्टी. तिसऱ्यावर हॉगेन. त्यात स्प्रिंगा होत्या, पिना होत्या, आणि तेलकट कागदात गुंडाळलेली नळी होती. कागदाच्या घडीवर धूळ बसली होती. त्याने कागद उकलून पाहिला. नळी त्याच्याच पिस्तुलाची होती, आणि ती काल-परवा आलेली नव्हती.

आता आपल्याला राग यायला हवा, असं त्याला वाटलं. राग आला नाही. पण बराच वेळ दुमडून बसलेल्या पायात मुंग्या येतात तसं छातीत काहीतरी होऊ लागलं, आणि ते सुखाचं नव्हतं. त्याने नळी परत गुंडाळली, खण लावला आणि खुर्चीत येऊन बसला.

आर्डिस बाहेर आली. त्याच्या हातात पॉलिशपेपर नव्हता.

"नळी आली का गं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं. बोटांना तेल लागलं होतं.

"नाही आली," ती म्हणाली. "कधी येईल तेही सांगता येत नाही."

तिने खुंटीवरचं फडकं काढून त्याला दिलं. डेलमार एकेक बोट पुसू लागला. ती पाठ करून हत्यारं लावत राहिली.

"माझ्या धाकट्या भावाने," ती तशीच पाठमोरी म्हणाली, "याच खुर्चीत बसून सांगितलं होतं, खूण कुठलीही बसव म्हणून. मला वाटलं घाईत आहे. मी बसवून दिली."

डेलमारने फडक्याची नीट घडी घातली. घडी टेबलावर ठेवली.

"त्या खुणा," तो म्हणाला. "दाखव बघू."

आर्डिसने डबी आणून उघडली. त्याने पितळी खूण चिमटीत घेतली आणि खिडकीशी गेला. हात लांब केला, आणखी लांब केला. उजेडात पितळ चमकलं, पण कडा काही नीट दिसेनात.

"चष्म्याशिवाय कळत नाही मला."

"मग चष्मा आण."

"पुढच्या शुक्रवारी आणतो." त्याने खूण जपून डबीत ठेवली, टोपी घेतली आणि दाराशी गेला. कडीवर हात ठेवून तो मागे वळला.

"तुझंही एक भांडं आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "घासून आणतो."