सरोवराची डावी बाजू

मोरेश्वरांनी ट्रायपॉडचा तिसरा पाय खडकाच्या खाचेत घट्ट रोवला आणि मान न वळवताच विचारलं,

"रत्ना, तू मागेच आहेस ना?"

रत्नाताई मागे नव्हत्या. त्या डाव्या हाताला, कड्याजवळच्या खडकावर लाल शाल पांघरून बसल्या होत्या आणि माळ निम्म्यावर आली होती. जप पुरा झाल्याशिवाय बोलायचं नाही, जागेवरून उठायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. तो लेक सुपिरियरच्या काठावरही मोडत नसे. त्यांनी नुसता हात हलवला. एरवी मोरेश्वर ओरडले असते, "अगं, तू आणि तुझा देव, दोघं जरा सरका की! निसर्ग येऊ दे फोटोत!" आणि त्या मिटल्या डोळ्यांनी हसल्या असत्या.

आज ते ओरडले नाहीत. त्यांनी कॅमेरा डावीकडे वळवला, रत्नाताईंच्या दिशेने, आणि बटण दाबलं. मग थोडा उजवीकडे, पुन्हा एक. पाणी, कडे, लालपिवळं जंगल. घरी गेल्यावर हे तुकडे जोडून अख्खं क्षितिज करायचं.

रत्नाताईंच्या बोटांत मणी अडकून राहिला.

गेल्या महिन्यात ट्रॉय शहरात, घरासमोरच, गाडी मागे घेताना मोरेश्वरांनी डाव्या आरशाने शेजाऱ्यांचा खांबावरचा मेलबॉक्स पाडला होता. मुलगी, अनिका, फोनवर रडकुंडीला आली होती. "बाबा, प्लीज, डोळे चेक करून घ्या!"

"खांब रस्त्यात आला, त्यात माझ्या डोळ्यांचा काय दोष?" म्हणत त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग रत्नाताईंनीही नेलं.

जप संपवून त्या जवळ आल्या, तेव्हा मोरेश्वरांनी कॅमेरा पुढे धरला.

"बघ, काय झकास आलाय! चिटपाखरू नाही फ्रेममध्ये."

पहिल्याच फोटोच्या डाव्या कडेला लाल शाल दिसत होती.

"छान आलाय हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे. ट्रायपॉड मी आणते."

तो आवरायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला. 'गाडी आज मी चालवते' एवढंच तर म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांत लांबच्या रस्त्याला मोरेश्वरांनी स्टिअरिंग कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. रागावले तर? न रागावता नुसतेच गप्प झाले तर? ते वाक्य ओठांत घोळवत, स्वामींचं नाव घेत त्या पार्किंगपर्यंत आल्या.

मोरेश्वर ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले होते. बेल्ट लावलेला, कॅमेरा मांडीवर, नजर समोर.

रत्नाताई दाराला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. मग आत बसल्या आणि सीट पुढे ओढून घेतली.

"सावकाश घे," ते म्हणाले. "हरणं येतात मध्येच."

"हो."

रस्ता काठाकाठाने चालला होता. बऱ्याच वेळाने मोरेश्वरांनी विचारलं,

"डावीकडे पाणी आहे ना अजून?"

"आहे."

"नुसतं आहे काय? सांग की नीट."

रत्नाताईंनी वेग आणखी कमी केला.

"ऊन उतरलंय त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "आणि एक होडी आहे, पांढरी. लांब आहे खूप."