काकडीवर फलक आणि पोरगा यादीबाहेर

मी खुळखुळा बोलतोय. हसायचं काम नाही. चाळिशीला आलोय आणि डोकं फिरलंय.

पनवेलच्या एका काताऱ्यानं मला शिवणीच्या लाकडातून कातलं, पोटात गाढी नदीतले बारके खडे भरले, अंगावर लाखेचे तांबडे-हिरवे पट्टे ओढले. बेलपाड्याच्या रामूनं मला जत्रेत घेतलं, पोरासाठी, हरेशसाठी. हरेशनं मला वाजवलं, चावलं, भिंतीवर आपटलं. मग त्याला पाय फुटले आणि मी गेलो पत्र्याच्या डब्यात. माणसाची खोडच ही. गरज सरली की झाकण लावायचं.

तीसेक वर्षांनी झाकण उघडलं ते हरेशच्या पोरासाठी. प्रणित. हा मला वाजवायचाच नाही. जमिनीवर आडवा पडून, डोळ्यापाशी धरून गोल गोल फिरवायचा. माझे पट्टे इतके नीट कुणी बघितले असतील तर त्यानंच. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तरी वळेना. त्याची आई अंकिता काळजीनं अर्धी झाली.

सासू चंद्रावती म्हणायची, "हरेस पन उशिराच बोललेला. तू सोताच पोराला नजर लावतेस."

अंकिता ऐकते होय? पनवेलात अशा मुलांवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. यादीत नाव आलं की दर आठवड्याला पोराला बोलायला, खेळायला शिकवणार होते. ती प्रणितला घेऊन निघाली. तो मला सोडेना, म्हणून मी गेलो. सासूही मागं लागून आली.

केंद्रातल्या समृद्धी मॅडम कागदावरून प्रश्न विचारत होत्या. त्या उत्तरांवरूनच यादी ठरायची. बाई चांगली, पण घाईत. "हवी ती वस्तू बोटानं दाखवतो का?"

अंकितानं तोंड उघडायच्या आत सासू बोलली, "बोट कशाला दाखवंल? आमचे घरात कोनीच दाखवत नाय. वेलावरचे कोवळे काकडीला बोट दाखवला का ती सडते. आमी मूठ दाखवतो. मीच शिकवलाय त्याला."

काकडीचं खरं होतं. घरात सगळे मूठच दाखवतात. पण प्रणितला चार महिने शिकवून म्हातारी थकली होती. त्यानं एकदाही मूठ उचलली नव्हती.

मॅडम खूश. "किती इंटरेस्टिंग. म्हणजे तुमच्याकडे आमचा प्रश्नच चुकतो." मारली त्या प्रश्नावर आडवी रेघ.

"मॅडम, तो मूठ पन नाय दाखवत," अंकिता म्हणाली. "कायच नाय दाखवत. माझा हात धरून नेतो, हात म्हंजे जसा काय चमचाच."

तेवढ्यात पोरानं तेच केलं. आईचं मनगट धरलं आणि तिचा हात माझ्यावर आणून ठेवला, तिच्या तोंडाकडे न बघता. फिरव म्हणून. मी ओरडलो असतो, पण कुणी हलवल्याशिवाय मला आवाज नाही. मॅडमची मान खाली. काकडीबद्दल लिहीत होत्या.

"टेन्शन घेऊ नका ताई. तुमची पद्धत वेगळी आहे, इतकंच."

तो प्रश्न वजा झाला, गुण भरले नाहीत आणि प्रणित यादीबाहेर गेला. रिक्षात सासू म्हणाली, "झाला समाधान? डॉक्टरची लय हौस ना तुला."

दोन वर्षं गेली. बालवाडीनं पोराला घरी पाठवला. अंकिता पुन्हा त्याच दारात, मागं सासू, पोराच्या हातात मी. आत भिंतीवर त्यांच्या संशोधनाचा हा मोठा फलक. त्यावर मूठ, काकडीचा वेल आणि खाली इंग्रजीत बरंच काही. आमच्या मुठीचं नाव झालं होतं. पोराच्या तोंडात एक शब्द नव्हता.

या वेळी डॉक्टर सत्यजीत होते. जुने कागद चाळत म्हणाले, "इतके दिवस कुठं होतात तुम्ही?"

माझं लाकूड तापलं. अंकिता मात्र हळूच म्हणाली, "हितंच आलेलो. मी सांगितलेला. तुमीच रेघ मारलीत."

डॉक्टरांनी कागदावरची ती रेघ शोधली. मग कोपऱ्यातून सासू बोलली, "तिला कायच बोलू नका. मी खोटा बोलले. त्यानं कदी मूठ पन नाय दाखवली. लोक पोराला येडा बोलतील म्हनून बोलले."

"आजी, तुम्ही घाबरून बोललात," डॉक्टर म्हणाले. "आईचं बोलणं आम्ही लिहायला पाहिजे होतं. ते कुठंच नाही."

त्या दिवशी त्यांनी लिहिलं. अंकिता सांगत गेली आणि त्यांना दुसरा कागद घ्यावा लागला. प्रणितचं नाव यादीत आलं.

आता दर गुरुवारी मी त्याच्याबरोबर जातो. माझी एक बाजू चिरलीय, पोटात दोनच खडे उरलेत, पट्टे त्याच्या बोटांनी पुसत आलेत. पुसू देत. तिथली ताई त्याला चित्रं दाखवते आणि हवं ते चित्र हातात द्यायला शिकवते. जमतंय, सावकाश. जे तिसऱ्या वर्षी सुरू व्हायचं, ते पाचव्या वर्षी चाललंय.

तुम्ही शिकलेली माणसं. मोजा, रकाने करा, काकडीवर आणखी दहा फलक लावा. पण आई समोर बसून सांगत असेल तर आधी ते लिहा, मग तुमचं शहाणपण. मी लाकूड आहे, मला थांबता येतं. पोराला नाही येत.