लागला का दिवा?

आमच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागत नव्हते आणि माझा नवरा ते दुरुस्त करणार होता. यातलं जास्त धोक्याचं काय, ते तुम्हीच ठरवा.

गाडी सासऱ्यांची, बावीस वर्षांची. दुसऱ्या दिवशी तिची सरकारी तपासणी होती. दिवे लागले नाहीत तर गाडी नापास, आणि या वेळी नापास झाली की भंगारात द्यायची, हे घरात कधीच ठरलेलं. म्हणजे आमच्या लेकीला रोज सकाळी शाळेत सोडायचं आजोबांचं काम गेलं. निवृत्त झाल्यापासून बाबांचं हेच एक हक्काचं काम उरलं होतं. ते गेलं तर बाबा खचतील, असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला हातमोजे चढवून अंगणात हजर. मेकॅनिकचं नाव काढलं तर म्हणाला, ते लोक अंदाजपंचे काम करतात, मी पद्धतशीर शोधणार.

नवरा एका कारखान्यात गुणवत्ता खात्यात आहे. तिथे तो स्वतः काही बनवत नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं कसं तपासावं याचे तक्ते बनवतो. इथेही त्याने तक्ता आखला. मी चालकाच्या सीटवर बसायचं आणि त्याने सांगितलं की ब्रेक दाबायचा. बाबांनी गाडीच्या मागे उभं राहून दिवा लागला की नाही ते सांगायचं. तारा तो बघणार. आणि कुणीही आपली जागा सोडायची नाही. थोडक्यात मी पाय, बाबा डोळे आणि तो मेंदू. बारा वर्षं संसार केल्यामुळे मला या वाटणीचं नवल वाटलं नाही.

आधी त्याने दोन्ही बल्ब बदलले. काही नाही. मग डिकीत अर्धा आत शिरून शोधाशोध केली, तर दोन्ही दिव्यांची मिळून एकच अर्थिंगची तार, आणि ती जिथे पत्र्याला स्क्रूने आवळलेली तिथे नुसता गंज. त्याने पॉलिश पेपरने घासून ती जागा लख्ख केली, स्क्रू पुन्हा आवळला. खरं सांगते, मला कौतुक वाटलं. मग पुढे जाऊन, उघड्या बॉनेटखालून तो म्हणाला, दाब.

मी दाबला. गाडीची पाठ गॅरेजच्या अंधाराकडे होती आणि मागे बाबा पांढरा सदरा घालून उभे. आरशात बघते तर सदरा लालेलाल.

"नाही लागला," बाबा म्हणाले.

अरे, मला दिसतोय की, असं मी म्हणायला गेले, तर पुढून उत्तर आलं की तू पाय आहेस, पायाने बघायचं नाही. तक्त्यात तशी सोय नव्हती म्हणे.

मग सुरू झाली धडधाकट गाडीची दुरुस्ती. त्याने फ्यूज बदलला. पेडलच्या वरचं स्विच बदललं, त्यासाठी स्वतः उलटा आत घुसला आणि मला पाय वर घेऊन बसवलं. एक चांगली तार कापून पुन्हा जोडली. दर वेळी दाब म्हणायचा, दर वेळी सदरा लाल व्हायचा आणि दर वेळी बाबा शांतपणे नाही म्हणायचे. चौथ्यांदा मी आरशातून मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. एवढा भगभगीत दिवा ज्यांना दिसत नाही, त्यांच्या मागच्या सीटवर माझी पोर रोज दप्तर घेऊन बसते.

नवरा चिकटपट्टी आणायला घरात गेला, तशी मी जागा सोडली.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला दिवा दिसत नाहीये ना?"

"दिसतोय की. पहिल्यांदा लागला तेव्हापासून दिसतोय."

त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिवा दिसतो गं. गेल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी एक पोर आडवं आलं, ते नाही दिसलं. आपली पोरगी मागून ओरडली, म्हणून ब्रेक लागला."

मला संताप आला, आणि मी तो लपवला नाही. आठवडाभर गप्प बसलात, म्हटलं, आणि रोज पोरीला घेऊन जाताय? त्यावर ते म्हणाले, त्या दिवसापासून गाडी आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावर लावतो आणि तिला हात धरून चालत नेतो. तिला सांगितलंय की हा व्यायाम आहे. मुलाला सांगायची मात्र छाती होत नव्हती. त्याला कळलं तर तो माझाही तक्ता करेल, म्हणाले. त्यापेक्षा गाडीच नापास झाली की कुणी कुणाला काही विचारायला नको.

उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं, एवढंच मी बजावलं. ते मुकाट्याने हो म्हणाले.

नवरा परत आला तो घामाघूम. चिकटपट्टी बाजूला टाकली, तक्त्याची घडी करून खिशात कोंबली. म्हणाला, आता मी स्वतःच बघतो. आणि सगळे नियम मोडून तो मागे गेला, बाबांच्या शेजारी उभा राहिला. मी पुन्हा सीटवर बसले.

"दाब."

आरशात दोघं दिसत होते. एक दिव्याकडे डोळे लावून उभा आणि एक माझ्याकडे. मी पाय पेडलच्या वर नेला आणि तिथेच अधांतरी धरला.

"दाबलास?"

"दाबलाय की," मी म्हटलं.

सकाळपासून पहिल्यांदाच त्याने कुणाला काही सूचना दिली नाही. मग त्याने हातमोजे काढले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा, मला नाही जमलं, उद्या तपासणीला न नेता भंगारवाल्यालाच बोलावू, म्हणाला.

बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे रे," ते म्हणाले. "तू काही कमी केलं नाहीस."