एकशे शहात्तरनंतरची पाने

मी एक कादंबरी आहे आणि बोलते आहे ती नाइलाजाने. मला लिहिणाऱ्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, बाइंडरने माझ्या पोटात दुसरीच घातली, आणि वाचणाऱ्यांनी त्या दोन्हींची मिळून तिसरी केली. ती तिसरी माणसांना चिखलात नेते.

माझी मूळ कथा साधी, पण अंगावर काटा आणणारी आहे. तळ्याकाठच्या घरात एक शिक्षिका राहायला येते. समोरच्या बेटावर कोणीही राहत नाही, तरी उन्हाळ्यात तिथे दिवा दिसतो. या कथेतले तळे लेखिकेने कल्पनेतून उभे केले होते. माझ्या छपाईच्या वेळीच त्याच छापखान्यात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तलावाची माहितीपुस्तिका छापली जात होती. कागद तोच, टाइपही तोच. सोळा पानांच्या घडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. बाइंडरचा हात चुकला आणि त्या पुस्तिकेचा एक फर्मा माझ्यात शिवला गेला. त्यामुळे माझ्या एकशे शहात्तराव्या पानानंतर एकदम तेहेतिसावे पान येते. त्या पानावर तलावाचे नाव देऊन लिहिले आहे: ‘उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बांधालगतच्या तिसऱ्या खांबापासून बेटापर्यंत पायी जाता येते. तळ खडकाळ व घट्ट आहे.’

ते लिहिले गेले तेव्हा खरे होते. त्यानंतर किती पावसाळ्यांचा गाळ त्या तळाशी बसला, याची खबर माझ्या पानांना नाही.

बरीच वर्षे मी जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर धूळ खात पडले होते. उलटसुलट पाने पाहून गिऱ्हाईक मला परत ठेवी आणि मला त्याचा राग येई. आज वाटते, तीच माणसे शहाणी.

शेवटी मला उचलले ते फोन दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने. तळघरातल्या गेमिंग पार्लरमध्ये त्याला सगळे कप्तान म्हणत. पार्लर त्याच्या काकीचे. गुडघ्याला गुडघा लागेल अशा खुर्च्या, समोर पडद्यांची रांग, आणि कानावर हेडफोन चढवून एकमेकांवर खेकसणारी शहाणीसुरती माणसे. उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली की पडदे काळे होत आणि काकी टेबलाखालून पुस्तकांचे खोके ओढी. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक कादंबरी त्यात ठेवायची आणि तोंडी शिफारस करायची, असा तिथला प्रघात. नियम एकच होता. शेवट फोडायचा नाही. जो फोडेल त्याने सगळ्यांना सरबत पाजायचे.

हा नियम वाचकाच्या आनंदासाठी होता. पण हीच मंडळी दिवसभर भिंतीमागच्या गुप्त वाटा शोधत असत. छपाईतली चूक ही नुसती चूक असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. पानांचे आकडे मागे गेले, म्हणजे कोणीतरी मुद्दाम दार लपवले आहे, असेच त्यांनी धरले.

कप्तान मला वाचून एका दुपारी कुठेतरी गेला आणि कमरेपर्यंत चिखल वाळलेल्या पँटने परतला. नंतर त्याने मला खोक्यात ठेवले.

“काय आहे यात?” ठोंब्याने विचारले. हा पार्सले पोहोचवणारा, अंगाने थोराड आणि तोंडाने त्याहून मोठा.

“वाच. एकशे शहात्तरनंतर डोळे उघडे ठेव.”

“आणि मेलो तर?”

“मेलास तर परत पहिल्यापासून खेळ.”

सगळे खिदळले. कप्तानही हसला, पण त्याचा अंगठा माझ्या पाठीवर घट्ट रुतला होता. आपण हरलो, हे त्याला सांगायचे नव्हते. न सांगण्याला त्या नियमाने एक सभ्य नाव देऊन ठेवले होते.

आठवड्याभरात ठोंब्या लंगडत आला. त्याचा एक बूट कायमचा गेला होता. त्यानेही माझी तोंड भरून शिफारस केली.

कथा तोंडोतोंडी फिरते तेव्हा तिच्यातून सर्वांत आधी काय गळते, हे मी त्या उन्हाळ्यात पाहिले. ठिकाण टिकते, खूण टिकते, वाट टिकते. गळते ती सांगणाऱ्याची फजिती. आणि ऐकणाऱ्याचा जीव वाचवणारे जे असते, ते नेमके तिच्यातच असते.

मग मी चिमणीच्या हाती आले. ती कप्तानची चुलत बहीण. सकाळी दातांच्या दवाखान्यात मदतनीस, दुपारनंतर पार्लरच्या संघातली सर्वांत पुढे धावणारी खेळाडू. मी तिला मनापासून आवडले. बेटावरचा दिवा आला तेव्हा तिने पाय खुर्चीवर ओढून घेतले. तेहेतिसाव्या पानावर वाळलेल्या चिखलाचा डाग होता. तिने तो नखाने खरवडला.

“ठोंब्या, पाय कशाने मुरगळला रे?”

“जिन्यावरून पडलो.”

“तुझ्या घराला जिना कधी आला?”

“चिमणे, सरबत पाजायची ऐपत नाही माझी. वाच आणि गप खेळ.”

तिने त्या सोळा पानांचे फोटो काढून दुसऱ्या पार्लरांतल्या मैत्रिणींना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून तलावावर नेले.

तिसरा खांब कोरडा होता. तिने पिशवी खांबाच्या कडीला अडकवली, खांबाचा फोटो संघाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली उतरली. पिशवीच्या उघड्या तोंडातून मला सारे दिसत होते. गाळावर भेगाळलेला कोरडा पापुद्रा होता. पहिली काही पावले त्याने तिला तोलले. मी कागदाची वस्तू आहे. वरचा थर किती पातळ असू शकतो, हे मला कोणी सांगायला नको होते.

पापुद्रा फुटल्याचा आवाज फार लहान होता. आधी ती हसली. मग एक पाय उपसायला दुसऱ्यावर जोर दिला आणि दोन्ही गेले. पडद्यावर जशी जोर लावून सुटते तशी ती धडपडत राहिली, आणि प्रत्येक धडपडीसरशी बुटकी होत गेली. मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. मग तिने हाक मारली. बांधावर कोणीही नव्हते. ऊन कलले तशी तिची हाक बारीक होत गेली.

“हलू नकोस! मागे रेल! पाठीवर पड!” कप्तान बांधावरून ओरडत आला. मागे ठोंब्या आणि काकी पार्लरच्या टेबलांच्या फळ्या ओढत होते. “जोर लावू नकोस गं, मीपण इथेच रुतलो होतो!”

एवढ्या एका वाक्यासाठी अख्खा उन्हाळा गेला होता.

फळ्यांवर पालथे पडून त्यांनी तिला ओढून काढले. बराच वेळ ती नुसती खोकत होती. मग म्हणाली, “दादा, तुला माहीत होतं?”

“शेवट सांगायचा नसतो ना आपल्यात...”

“शेवट नव्हता रे तो. मी होते.”

काकीने ब्लेडने माझी ती सोळा पाने कापली आणि जाळली. आता मी लेखिकेला हवी होते तशी सलग आहे. पण कापल्याच्या जागी कागदाची चिंचोळी पट्टी उरली आहे, आणि अनोळखी खेळाडू मला उघडून आधी तिच्यावरच बोट फिरवतात. फोटो तर माझ्याशिवायच हिंडत आहेत. चिमणीने त्यांच्याखाली लिहिले, ‘जाऊ नका, गाळ आहे.’ उत्तर आले, ‘खेळातला पहारेकरी असंच म्हणतो. म्हणजे वाट बरोबर आहे.’ कथेतली मनाई ऐकणाऱ्याला नेहमी आमंत्रणासारखीच ऐकू येते. चिमणी बिचारी खरे बोलत होती आणि तेही कथेतच जमा झाले.

म्हणून हल्ली ती खेळायला जात नाही. दवाखाना सुटला की तिसऱ्या खांबापाशी येऊन बसते आणि मला मांडीवर घेते. दोन ओळी वाचते, मान वर करते, पुन्हा वाचते. पाणी अजून खाली जाते आहे. रोज थोडा नवा गाळ उघडा पडतो, उन्हात वाळतो आणि वाटेसारखा दिसू लागतो.

आत्ता बांधावरून कोणीतरी येत आहे. एका हातात फोन समोर धरला आहे; नजर फोनवर, पाय तळ्याकडे. चिमणीने मला मिटून खाली ठेवले आणि ती उठली.

वाचकहो, माझा शेवट तुम्हाला खुशाल कोणीही सांगो, मला त्याचे वाईट वाटणार नाही. पण तो येणारा माणूस जर तुम्ही असाल, तर एवढे करा. थांबा, आणि तिचे ऐका.